रस्ता वर्ग झाला

'वर्ग' ह्या शब्दाइतका उपद्व्यापी शब्द मराठीत दुसरा नसावा. शाळेत तो वरचा-खालचा असतो, रेल्वेत पहिला-दुसरा, आणि सरकारी नोकरीत साहेबापासून शिपायापर्यंत पायरी-पायरीने उतरत जातो. आमच्या बँकेत मात्र तो चालता-फिरता आहे. इथे रक्कम ह्या खात्यातून त्या खात्यात 'वर्ग' होते. गेली बावीस वर्षं मी पोटासाठी दुसरं काही केलेलं नाही. तेव्हा एवढं छातीठोकपणे सांगतो, की वर्ग होताना नोटेला काही म्हणजे काही कळत नाही. ती तिजोरीत होती तिथंच पडून असते.

रस्त्यांचंही तसंच. १९४३ साली देशातले मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि त्यांनी रस्त्यांची उतरंड लावून दिली. वर राष्ट्रीय महामार्ग, त्याखाली राज्य मार्ग (तेव्हा प्रांत होते), मग जिल्हा मार्ग, त्यांत पुन्हा 'प्रमुख' आणि 'इतर', आणि तळाला ग्रामीण मार्ग. ह्यातलं 'इतर जिल्हा मार्ग' हे नाव मला फार आवडतं. लग्नपत्रिकेतल्या 'इतर आप्तेष्टां'सारखं. जेवायला बोलावलंय, पण पहिल्या पंगतीला नाही.

आता कुणालाही वाटेल, की रस्त्याला वर चढायची हौस असणार. असतेच. निवडणूक जवळ आली, की अमुक रस्त्याला तमुक दर्जा मिळवून दिल्याचे फलक लागतात. पण बढती नको म्हणणारी माणसं मी बँकेत पाहिली आहेत. अधिकारी झालं की बदली आलीच. आमच्या हेडकॅशियरसाहेबांनी तीनदा बढती नाकारली. एकदा मुलाची बारावी, एकदा आईचे गुडघे, आणि तिसऱ्यांदा नुसतीच सवय म्हणून. २०१७ साली देशातल्या कित्येक रस्त्यांनी हाच पवित्रा घेतला. बढती राहू द्या, आम्हाला खाली उतरवा!

झालं होतं असं, की १५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांच्या कडेपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको. १ एप्रिल २०१७ नंतर जुने परवानेही चालायचे नाहीत. कारण हसण्यासारखं नव्हतं. २०१५ ह्या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर १ लाख ४६ हजारांहून जास्त माणसं गेली होती. पुढे वीस हजारांपर्यंत वस्तीच्या गावांसाठी हे अंतर २२० मीटरवर आणलं. लहान गावातल्या दारूचा अंमल तेवढाच लांब जात असावा.

पण ५०० मीटर मोजायचे तर दोन टोकं लागतात. एका टोकाला दुकान, दुसऱ्या टोकाला महामार्ग. दुकान हलवायचं म्हणजे जागा बघा, पागडी द्या, परवाना बदला, गिऱ्हाइकाला नवा पत्ता पाठ होईपर्यंत वाट बघा. त्यापेक्षा महामार्ग हलवणं सोपं. तो कागदावर असतो.

चंदीगडने हे काम टापटिपीने केलं. ल कॉर्ब्युझिएने तिथल्या रस्त्यांचे सात वर्ग आखून दिलेले आहेत, व्ही-१ ते व्ही-७. पहिला बाहेरगावाहून येणारा, चौथा बाजारपेठेचा, सातवा हिरवळीतून पायी जाणाऱ्यांचा. एवढा मोठा वास्तुशिल्पी, पण बाटलीसाठी वेगळा वर्ग ठेवायचं त्याला सुचलं नाही. ती उणीव प्रशासनाने भरून काढली. मार्च २०१७मध्ये शहरातले राज्यमार्ग 'प्रमुख जिल्हा मार्ग' झाले. रात्री राज्याचा म्हणून झोपलेला रस्ता सकाळी जिल्ह्याचा होऊन उठला. प्रकरण पुन्हा न्यायालयात गेलं. जुलैमध्ये न्यायालयाने खुलासा केला, की शहरांच्या हद्दीतल्या परवानाधारकांना ती बंदी लागूच नाही.

आपल्याकडेही त्या साली जळगाव, यवतमाळ, लातूर इथले शहरातून जाणारे रस्ते पालिकांकडे 'वर्ग' करायच्या हालचाली झाल्याच. केरळात उत्तर परवूरच्या एका बारवाल्याने मात्र कागदाची वाट पाहिली नाही. त्याने आवारातच भिंतींची नागमोडी वाट बांधली. पिणारा चालत चालत अंतर पुरं करूनच आत पोचायचा. मला हा माणूस आवडला. त्याने मीटर निदान पायाखाली तरी घातले. अभिमन्यूचं कसं व्हायचं, म्हणजे आत गेलेले बाहेर कसे यायचे, ते कुठे वाचनात आलं नाही.

माझं दुखणं दारूचं नाही, जमाखर्चाचं आहे. कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला आम्हाला शिकवलं, की एकीकडे नावे पडलं तर दुसरीकडे जमा पडलंच पाहिजे. माझ्या मागच्या शाखेसमोरचा रस्ताही असाच वर्ग झाला होता. दारूमुळे नव्हे, गावाबाहेरून बायपास निघाला म्हणून. बायपास झाला, की आतला जुना रस्ता बांधकाम खात्याच्या वहीतून उठून नगरपालिकेच्या वहीत जाऊन बसतो. आमचा रस्ता गेला. त्याच्या वाट्याची खडी आणि डांबर मात्र मागच्या वहीतच राहिलं. नगरपालिकेच्या हाती काय, तर घरपट्टी, आणि तीही निम्मी थकलेली.

पहिल्याच पावसात बँकेच्या दारात खड्डा पडला, आणि एका संध्याकाळी आमचे शिपाईमामा टपालाच्या पिशवीसकट, सायकलसकट त्यात गेले. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर सहा आठवड्यांचं, आणि मामा रोजंदारीवर. हात नाही तर पगार नाही. त्यांच्यातर्फे दोन्हीकडे अर्ज मी लिहिले. खात्याने कळवलं, 'सदर रस्ता वर्ग करण्यात आला आहे.' नगरपालिकेने कळवलं, 'आदेश प्राप्त, ताबा घेणे बाकी.' म्हणजे मामा पडले तेव्हा तो रस्ता कुणाच्याच खात्यात नव्हता. आमच्याकडे अशा बेवारशी रकमेसाठी सस्पेन्स खातं असतं. रस्त्याला तेवढीही सोय नाही.

दोन्ही उत्तरं मी मामांना वाचून दाखवली. ते डाव्या हाताने बशी सावरत चहा पीत होते.

"साहेब," ते म्हणाले, "ते सस्पेन्सात माझा पगार बसतो का बघा की."

बसत नव्हता. मग शाखेत वर्गणी काढली. हेडकॅशियरसाहेबांनी पाचशे दिले आणि दोनदा मोजून दिले. मामांची सहा आठवड्यांची रोजी सुटली, वर ऐंशी रुपये उरले. त्यांत खड्ड्यात टाकायला मुरूम मिळतो का, म्हणून मी चौकशी केली. ऐंशी रुपयांत मुरूम येत नाही. चहा आला.