कात्री लावायच्या आधी

आमच्या आजीकडे एक हिरवं इरकली लुगडं होतं. अंग सुती, काठ तांबडे, पदर रेशमाचा. इरकलीचा पदर अंगाच्या कापडात सलग विणत नाहीत. मागावरच दोन्हीकडचे ताणे फासे घालून एकमेकांत अडकवतात. लुगडं उलटं करून बोट फिरवलं की तो सांधा हाताला लागतो. तो चाचपायचा मला लहानपणी नादच होता. पुढे नाटकांची वेशभूषा करायला लागले, तेव्हा कापड हातात आलं की आधी उलटी बाजू बघायची सवय राहिली, ती त्या लुगड्यामुळे.

सोयगावात गणपतीत आमच्या गल्लीतली पोरं नाटक बसवायची. एका वर्षी जिजाऊंसाठी लुगडं मागायला ती आजीकडे आली. आजीने दिलं, पण अटींसकट. "ने बाबा, पन पदराला टाचणी लावायची नाई. अन् धुऊ नको, मीच धुईन." जिजाऊ होणार होता शेजारचा नुकतंच मिसरूड फुटलेला दादा. त्याला आजीनेच नेसवलं आणि काष्टा असा खेचला की त्याला धड बसता येईना. जिजाऊ सगळे प्रवेश उभ्यानेच बोलल्या. लोक म्हणाले, काय करारी बाई उभी केली पोराने!

दुसऱ्या दिवशी लुगडं घरी. आजीने ते थंड पाण्यातून काढलं, सावलीत वाळवलं आणि कडुनिंबाचा सुका पाला घालून ट्रंकेत ठेवलं. दसऱ्याला तेच नेसून ती सोनं वाटत फिरली. मावळ्यांची धोतरं, फेटे, घोंगड्या सगळं असंच घराघरांतून आलेलं आणि घराघरांत परत गेलेलं. विकत आणलं ते फक्त बेगड आणि तोंडाला लावायचा रंग. जुनं ते सगळं निर्मळ होतं, असं मात्र मी म्हणणार नाही. पूर्वीचे नट चेहऱ्याला फासायचे ते मुरदाडशिंग शिशाचं आणि लाल हिंगूळ पाऱ्याचं. ते गेलं ते बरंच झालं.

नाटक शिकायला मी शहरात, विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात आले. 'वऱ्हाड निघालंय लंडनला' करणारे लक्ष्मण देशपांडे याच विभागात शिकवायचे. बावन्न पात्रं आणि नट एकच. पात्र बदललं म्हणून कपडे बदलायला आत जाणं नाही. आवाज, मान, कंबर यांवर सगळं वऱ्हाड उभं राहायचं. दुसऱ्या टोकाला गंधर्व नाटक मंडळीच्या कथा ऐकल्या. खरे भरजरी शालू, अत्तरं, आणि त्यामागून चालत आलेलं कर्ज. बालगंधर्वांच्या शालूंनी प्रेक्षकांना वेड लावलं हे खरंच आहे, त्याला नावं ठेवायची माझी छाती नाही. पण वेशभूषेचे धडे घेताना मला प्रश्न पडायचा तो असा, की खेळ संपल्यावर या कपड्यांचं होतं काय?

उत्तर घराशेजारी होतं. अजिंठ्याची लेणी आमच्याच सोयगाव तालुक्यात. लहानपणी आम्ही तिथे सहलीला जायचो, माकडं बघायचो आणि परत यायचो. वेशभूषा शिकल्यावर गेले तेव्हा पहिल्या लेण्यात नुसते कपडे बघत उभी राहिले. पद्मपाणीच्या कमरेला पट्ट्यापट्ट्यांचं वस्त्र, नुसतं गुंडाळलेलं. राजा, दासी, भिक्षू, बहुतेकांचं तसंच. कापड एका लांबीचं, फरक नेसण्यात. शिवणं त्यांना येत नव्हतं म्हणून नव्हे. त्याच लेण्यात महाजनक जातकातल्या नर्तकीच्या अंगात लांब बाह्यांची शिवलेली चोळी आहे. म्हणजे जिथे गरज तिथे सुई, बाकी गाठ पुरे. कोल्हापूरच्या भानू अथैय्यांनी 1966च्या 'आम्रपाली'चे कपडे बेतताना याच चित्रांचा आधार घेतला होता. 'गांधी'साठी ऑस्कर मिळालं ते पुढे, 1983 साली.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे: न कापलेलं कापड परत करता येतं. नऊवार लुगडं बारीक मुलीला होतं आणि मिसरूड फुटलेल्या दादालाही होतं. शिवलेला झगा एकाच्याच मापाचा. आजीच्या माघारी लुगडं माझ्याकडे आलं आणि मी ते स्पर्धेच्या नाटकांतून मनसोक्त वापरलं. कुंतीला नेसवलं, तसंच कापूस वेचणाऱ्या बाईला, गुडघ्यापर्यंत खोचून आणि पदराची ओटी बांधून. ब्रेख्तच्या एका रूपांतरात ते सैनिकांचं निशाण झालं. दर वेळी फक्त धावदोरा घालायचा आणि खेळ संपला की ओढून काढायचा. चोळी-अंगरखा शिवावाच लागला तर आत दोन बोटं माया सोडायची, म्हणजे पुढच्या नटाला उसवून सैल करता येतो. निऱ्यांच्या जागी लुगडं विरलं, तेव्हा कुठे कात्री लावली. पदराचा दुपट्टा झाला, अंगाचा भाग गोधडीत गेला.

आता गावात शाळेचं स्नेहसंमेलन बघायला जाते. पन्नास मावळे, पन्नास चकचकीत पोशाख, सॅटिनचे, गरम गोंदाने लेस चिकटवलेले. उसवायला टाकाच नाही. सॅटिन म्हणजे बहुधा पॉलिस्टर, खनिज तेलातून आलेलं. घाम शोषत नाही, दर धुण्यात बारीक तंतू पाण्यात सोडतं. एका लावणीनंतर लेस सुटते आणि पोशाख उकिरड्यावर जातो. तिथे तो जळतही नाही नीट, वितळून गोळा होतो.

यावर उपाय म्हणून काही मंडळी नवी कोरी खादी विकत घ्या म्हणतात. मी कापसाच्या मुलखातली आहे, मला ते अर्धवट वाटतं. जगाची सरासरी धरली तर किलोभर सुती कापडामागे सुमारे दहा हजार लिटर पाणी लागतं. आमच्याकडची बरीचशी कपाशी पावसावरची, पण तिच्यावरच्या फवारण्या कोणाला चुकल्यात? पिकलेला, कातलेला, विणलेला कापूस घरोघरी ट्रंकेत पडून असताना नवा मागवायचा कशाला? ब्रिटनच्या नाट्यसंस्थांनी अलीकडे 'थिएटर ग्रीन बुक' नावाची नियमावली केली. नाटकाचं निदान निम्मं सामान आधी कुठेतरी वापरलेलं असावं, असं ती सांगते. आमच्या गल्लीतल्या नाटकात हे प्रमाण त्याहून पुष्कळ जास्त होतं, नियमावली म्हणजे आजीची धमकी.

तेव्हा यंदा तुमच्या शाळेचं संमेलन किंवा मंडळाचं नाटक असेल, तर भाड्याच्या दुकानाला फोन करण्याआधी गल्लीतल्या म्हाताऱ्यांच्या ट्रंका उघडायला सांगा. लुगडी, धोतरं, उपरणी मागा, कोणाचं काय ते वहीत लिहून ठेवा, आणि नेसवायला त्याच आजीला बोलवा. नव्या पोरींना काष्टा येत नाही. पदराला टाचणी लावू नका. खेळ झाला की आठ दिवसांत ज्याचं त्याला पोचतं करा, नाहीतर पुढच्या वर्षी कोणी देणार नाही.