तेरीज जुळली, पण एक नाव राहिलं



२०२३ चं दशलक्षण पर्व आटोपलं आणि ऑक्टोबरात मी न्यू जर्सीला धाकट्या लेकीकडे गेले. ती तिथल्या हायस्कूलमध्ये गणित शिकवते. गेल्या गेल्या म्हणाली, "आई, नोव्हेंबरात चार दिवस बोस्टनला यायचंय. माझं अधिवेशन आहे, तू छोटीला सांभाळ."

मला वाटलं गणिताचं असेल. तर म्हणे इअरबुकचं! मी म्हटलं, "अगं, शाळेच्या फोटोंच्या पुस्तकासाठी चार दिवस? पोरीला घेऊन? एवढं काय शिकायचं असतं त्यात?"

ती काही बोलली नाही. रात्री भांडी आवरताना मात्र सगळं सांगितलं.

आधी हे इअरबुक काय ते सांगते. आपल्याकडच्या शाळेच्या वार्षिकात मुलांच्या कविता, निबंध असतात. इअरबुकात ते वर्षच असतं. प्रत्येक मुलाचा नावासकट फोटो, खेळ, नाटकं, गाण्याचे कार्यक्रम, डब्याच्या सुट्टीतल्या गमती. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक, पालक आगाऊ पैसे भरून घेतात. शाळा सुटताना मुलं एकमेकांच्या पुस्तकात सह्या करतात आणि ते जन्मभर जपतात. पुस्तक मुलंच तयार करतात, पण त्यांच्यामागे एक शिक्षक असतो. त्याला म्हणतात अ‍ॅडव्हायझर.

आधीच्या बाई निवृत्त झाल्या आणि हे काम माझ्या लेकीच्या गळ्यात पडलं. सांगायला कोणी नाही. गणिताचं काही अडलं तर शेजारच्या वर्गात दुसरे गणिताचे शिक्षक असतात. इअरबुकचा अ‍ॅडव्हायझर मात्र अख्ख्या शाळेत एकच. छापखान्याच्या तारखा, पानांचा हिशेब, पुस्तकांची विक्री, सगळं ती चाचपडत शिकली. पुस्तक वेळेवर आलं, सगळ्यांनी कौतुक केलं.

आणि दोन दिवसांनी एक आई शाळेत आली. पुस्तक टेबलावर ठेवून म्हणाली, "माझा मुलगा चार वर्षं या शाळेत होता. यात तो कुठे आहे ते दाखवा."

तो कुठेच नव्हता. फोटोच्या दिवशी गैरहजर, पुन्हा फोटो काढला त्या दिवशीही गैरहजर. खेळात नाही, नाटकात नाही. शेवटचं वर्ष, आणि फोटो तर नाहीच, नावसुद्धा नाही. लेक म्हणाली, "आई, मी प्रत्येक पान तीन-तीनदा तपासलं होतं गं. एकही चूक नव्हती पानांवर." हे सांगताना तिचे डोळे भरले. तिनं ते काम परत करायचं ठरवलं होतं. मुख्याध्यापक म्हणाले, एकदा अधिवेशनाला जाऊन या, मग ठरवा.

मग मी काही बोलले नाही. दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी, चिवडा बांधला आणि निघालो.

हे अधिवेशन दोन संस्था मिळून भरवतात. एक पत्रकारिता शिकवणाऱ्या शिक्षकांची जर्नालिझम एज्युकेशन असोसिएशन आणि दुसरी नॅशनल स्कोलॅस्टिक प्रेस असोसिएशन, ती तर १९२१ पासूनची. वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, दरवेळी वेगळ्या शहरात. शाळेची वृत्तपत्रं, इअरबुकं काढणारी मुलं आणि त्यांचे शिक्षक देशभरातून येतात. हॉटेलच्या लिफ्टमध्ये पाहावं तर गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली पोरंच पोरं. मी काही सत्रांना बसले नाही, नातीला घेऊन खोलीत नाहीतर बागेत. पण लेक दिवसभर ऐकून यायची आणि रात्री मला सांगायची. त्यातलं माझ्या डोक्यात राहिलं ते तुम्हाला सांगते.

पहिल्या दिवशी आली ती हसतच. म्हणाली, "आई, माझ्यासारख्या किती आहेत! कोणाला इंग्रजीसोबत हे दिलंय, कोणाला चित्रकलेसोबत. एकीच्या पुस्तकात तर मुख्याध्यापकांचंच नाव चुकलं होतं." पाच महिने जी एकटी कुढत होती, ती त्या रात्री पोटभर जेवली. माझ्या दृष्टीनं अधिवेशनाचे पैसे तिथेच वसूल झाले.

दुसरा फायदा कायद्याचा. इअरबुकात काय छापायचं, काय नाही, हे कोणी ठरवायचं? १९८८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की अभ्यासाचा भाग म्हणून शाळा जे वृत्तपत्र काढते, त्यातला मजकूर शैक्षणिक कारण असेल तर शाळा रोखू शकते. पण काही राज्यांनी नंतर मुलांना जास्त मोकळीक देणारे कायदे केले. न्यू जर्सीत असा कायदा २०२१ च्या डिसेंबरात झाला. लेकीला हे नीटसं माहीतच नव्हतं. उद्या एखाद्या पानावरून वाद झाला, तर कायदा माहीत असलेली बरी.

तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी. तिथं आपलं पुस्तक घेऊन जायचं आणि एखादी अनुभवी व्यक्ती शेजारी बसून ते तपासून देते. लेकीच्या वाट्याला आलेल्या बाई पुष्कळ वर्षं हेच काम केलेल्या. मांडणीबद्दल थोडं बोलल्या. मग लेकीनं त्या मुलाचं सांगितलं. बाईंनी विचारलं, "तू तपासायला सुरुवात कुठून करतेस?" लेक म्हणाली, "पान एकपासून." बाई म्हणाल्या, "तिथंच चुकतंय. पानावर जो आहे तोच पानावर सापडणार. सुरुवात शाळेच्या हजेरीपटापासून कर. एकेक नाव घे आणि पुस्तकात शोध. फोटो सोडून प्रत्येक मूल आणखी दोन-तीनदा दिसलं पाहिजे. ज्याच्यापुढे शून्य, त्याच्याकडे डिसेंबरातच जा. काय खातोस, काय वाचतोस, विचार. त्याचं एक वाक्य घे. आणि फोटो नकोच म्हणाला, तर निदान नाव तरी छाप."

लेक हे सांगत होती आणि मी नातीला थोपटायची थांबले.

मैत्रिणींनो, मी बी.कॉम. झाले त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. पण आमच्या सरांनी तेरीज शिकवताना सांगितलेलं आजही आठवतं. तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर असं समजू नका. एखादा व्यवहार मुळात लिहिलाच नाही, तर तो जमेलाही नाही आणि नावेलाही नाही. दोन्ही बाजू छान जुळतात. वगळण्याची चूक तेरीज दाखवत नाही.

आणि मला आमची स्मरणिका आठवली.

मंदिराच्या कार्यक्रमाची स्मरणिका महिला मंडळानं काढली होती, त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. हिशेबाची म्हणून काम माझ्याकडे. मी पावतीपुस्तक समोर ठेवलं आणि एकेक पावती लावून सगळ्यांची नावं छापली. एक रुपयाचा फरक नाही, एक काना-मात्रा चुकली नाही. त्यात एक मावशी राहिल्या. महाराज, माताजी आल्या की चौक्यात पहाटेपासून राबणाऱ्या. विहिरीचं पाणी गाळण्यापासून सगळं त्यांच्या हातचं. त्यांनी कधी रक्कम दिली नव्हती, म्हणून पावती नव्हती, म्हणून नाव नव्हतं. मला कळलं ते स्मरणिका वाटून झाल्यावर. कोणी बोललं नाही, मीही बोलले नाही. दरवर्षी क्षमावाणीला गावभर उत्तम क्षमा म्हणत फिरले, त्यांच्याशीसुद्धा म्हटलं, पण कशाबद्दल ते कधी उच्चारलं नाही.

लेकीला मी इतकंच विचारलं, "त्या मुलाच्या आईला पुन्हा भेटलीस का?"

"नाही गं. काय तोंड दाखवू?"

मी म्हटलं, "मलाही तेच वाटत आलंय." आणि मग तिला मावशींचं सांगितलं. त्या रात्री आम्ही दोघी बराच वेळ जाग्या होतो.

परतीच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे गेली. साडेचारच्या सुमाराला सूर्य मावळणार, म्हणून आम्ही चार वाजताच वाटेत डबा उघडला. लेक म्हणाली, "आई, काम परत नाही करत."

नंतर तिनं त्या मुलाशी बोलून, त्याचा एक फोटो आणि चार ओळी घेऊन वेगळं पान छापलं. मागे डिंकाची पट्टी असलेलं, पुस्तकात चिकटवता येणारं. ते घेऊन स्वतः त्यांच्या घरी गेली. मुलाच्या आईनं दार उघडलं, पान घेतलं, आभार मानले, आत काही बोलावलं नाही. लेक म्हणाली, "ठीक आहे आई. त्यांचा राग खराच होता."

मी गावी आले ती मावशींकडे गेले. आता पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. पायाशी बसून सगळं सांगितलं, पावतीपुस्तकाचंसुद्धा. त्या म्हणाल्या, "हाय की तुझं पुस्तक माझ्या ट्रंकेत. नातू विचारत होता, आज्जी, ह्यात तू कुठं हायस? म्हटलं, मी आत चौक्यात हुते, पोळ्या करत."

मी रडले. त्यांनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, "पुढच्या बारीला लिही म्हणजे झालं."

पुढच्या बारीला मी हजेरीपट करणार आहे. पावत्यांच्या आधी माणसांची यादी. चौका, झाडलोट, फुलं, चपला सांभाळणारी पोरं, सगळी.

आणि तुमची लेक, सून शाळेच्या अशा एखाद्या कामासाठी संमेलनाला, शिबिराला निघाली, तर माझ्यासारखं "एवढं काय शिकायचं असतं त्यात" म्हणू नका. आपलं काय राहिलंय ते घरात बसून दिसत नाही, दुसऱ्यानं विचारावं लागतं. दशम्या बांधून द्या, नातवंडं सांभाळा. आणि ती परत आली की रात्री तिच्याजवळ बसून ऐका.

जय जिनेंद्र.