रात्री ऐकलेली पहाट

विश्रांतीसाठी संगीत ही कल्पना आपल्याकडे नवी नाही; अंगाई दुसरे काय करते? नवे आहे ते वेष्टनावर तसे छापून विकणे. पाश्चात्त्य जगात या प्रकाराला ‘न्यू एज’ हे नाव मिळाले आणि १९८७ पासून ग्रॅमी पुरस्कारांत त्यासाठी स्वतंत्र विभागही आला. रायपूरच्या एका निवृत्त मराठी शिक्षकांची झोप पत्नीच्या निधनानंतर उडाली, तेव्हा “बाबा, दिवा मालवून नुसतं ऐकत पडा,” म्हणून मुलीने आणून दिलेली सीडी मात्र त्या नावाहून जुनी होती : १९६७ सालची ‘कॉल ऑफ द व्हॅली’.

शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार, तबल्यावर माणिकराव पोपटकर. निर्माते भावगीतगायक जी. एन. जोशी. काश्मीरच्या खोऱ्यातील मेंढपाळाचा एक दिवस तीत आहे. अहिरभैरव-नटभैरवाची पहाट, मग पिलू, भूप, देस आणि अखेरीस पहाडी. सारा दिवस सुमारे चाळीस मिनिटांत सरतो.

संतुराचा स्वर आघातातून जन्मतो आणि लगेच विरू लागतो. त्यावर मींड कशी निघणार, हा आक्षेप शर्मांना प्रारंभी ऐकावा लागला होता. येथे तो विरणारा स्वर बासरी किंवा काबरांची सरकती गिटार अलगद उचलून घेते. या ध्वनिमुद्रिकेतील विसावा त्या उचलून घेण्यात आहे. लय संथ आहे म्हणून नव्हे. गुंगी आणणाऱ्या संगीताशी तिची गल्लत करणे हा तिच्यावर अन्यायच होय.

शिक्षकांना त्याचा प्रत्यय वेगळ्या रीतीने आला. मे महिन्यातल्या रात्री, कूलरच्या घरघरीत, अकरा वाजता अहिरभैरव सुरू होई आणि कोमल ऋषभ लागताच कान खडबडून जागे होत. रागाची वेळ लहानपणापासून मनात मुरलेली. शरीर पहाट झाली असे मानी. औषध म्हणून ऐकणे त्यांनी सोडून दिले. आता अहिरभैरव पाचच्या चहाबरोबर लागतो, एका कपाच्या. पिलू दुपार कलल्यावर, भूप दिवेलागणीला, देस जेवणानंतर. पहाडीपर्यंत पोहोचायला त्यांना अख्खा दिवस लागतो. झोप अजूनही उशिराच येते.