कवट्या कोणाच्या?

स्वप्न सांगून झालं की माणूस लगेच विचारतो, याचा अर्थ काय? स्वप्नफलाच्या पुस्तिकेत उत्तर तयारच असतं : साप दिसला तर अमुक, दात पडले तर तमुक. मुरलेला मानसोपचारक मात्र अर्थाची घाई करत नाही. साप अंगणात होता की अंथरुणात? तुम्ही पळालात की बघत राहिलात? या कसबाचा निम्मा भाग असल्या चौकशांतच जातो.

पण चौकशी कशाची करायची? १९०९ साली अमेरिकेतल्या क्लार्क विद्यापीठात व्याख्यानं द्यायला मनोविश्लेषक फ्रॉइड आणि युंग एकाच बोटीने निघाले. त्या प्रवासात दोघं एकमेकांना स्वप्नं सांगत. युंगला एक दुमजली घर दिसलं होतं. वरच्या दिवाणखान्यात अठराव्या शतकातलं नक्षीदार सामान. तळमजला त्याहून जुना, मध्ययुगाच्या अखेरचा. खाली तळघर, त्याच्या भिंती रोमन काळातल्या. तिथल्या फरशीला एक कडी. ती ओढली तर आणखी पायऱ्या, आणि अगदी तळाशी गुहेतल्या धुळीत हाडं, फुटकी मडकी आणि दोन जुनाट कवट्या.

फ्रॉइड त्या कवट्यांवरच अडून बसला. कोणाच्या त्या? कोणीतरी मरावं अशी सुप्त इच्छा त्याला तिथे दिसत होती. युंगने सरळ थाप मारली : बायकोच्या आणि मेहुणीच्या! फ्रॉइडला हायसं वाटलं म्हणे.

हा वृत्तांत म्हातारपणी युंगनेच सांगितलेला, तेव्हा त्यात फ्रॉइडची बाजू शोधायला जाऊ नये. फ्रॉइडही काही स्वप्नफलवाला नव्हता. स्वप्नाचा एकेक तुकडा घेऊन त्यावरून काय आठवतं ते माणसालाच बोलायला लावणं, ही त्याचीच देणगी. पण आठवणींमागे जाता जाता स्वप्नातली वस्तूच हातची सुटते, अशी युंगची तक्रार होती. त्याचं लक्ष होतं घराच्या बांधणीवर. मजला उतरावा तसतसा काळ मागे का जातो? व्यक्तीच्या आठवणींखाली अख्ख्या मानवजातीचा एक सामाईक थर असावा, या त्याच्या कल्पनेची एक पायरी हे स्वप्न ठरलं.

स्वप्नातल्या वस्तूलाच धरून राहण्याची ही पद्धत युंगने स्वतःवर किती कठोरपणे वापरली, ते कलकत्त्यात दिसतं. १९३८च्या सुरुवातीला तो तिथे आमांशाने दहा दिवस रुग्णालयात होता. हॉटेलात परतल्यावर स्वप्न पडलं ते इंग्लंडजवळच्या एका बेटाचं. तिथे जुना किल्ला. भिंतीवरच्या लोखंडी वेलीत पक्ष्यांसाठी असावीत तशी चिमुकली घरं, आणि टोपडं घातलेला एक बुटका या घरातून त्या घरात पळतोय. येशूच्या कथेतला पवित्र प्याला त्याच रात्री किल्ल्यात आणायचा होता. वाटेत समुद्राची पट्टी आडवी आली, सोबती झोपी गेले. आता आपणच पोहून जायला हवं असं ठरवून युंग कपडे उतरवू लागला, आणि जाग आली.

काशी, सांची पाहून झालेल्या माणसाला भारतात हे असलं स्वप्न! दुसऱ्या कोणी ते तापातला भ्रम म्हणून सोडून दिलं असतं. युंगने त्यात स्वतःची कानउघाडणी वाचली : भारतात काय करतोस, तुझं काम तुझ्या पश्चिमेच्या वारशात आहे. सोबत त्याने किमयाशास्त्राचा एक जाडजूड लॅटिन ग्रंथ आणलेलाच होता. परतीच्या वाटेवर बोट मुंबईला लागली, तेव्हा शहर बघायला तो खाली उतरलासुद्धा नाही. त्या लॅटिन मजकुरातच डोकं खुपसून बसला.