चार दिशांचा दांडा

मोबाइलवर शेकडो गेम्स फुकट मिळत असताना प्लायवूडचं हे पाच फुटी खोकं कशाला, असं घरच्यांनी विचारलं. प्रश्न रास्तच. पण १९८० सालचा 'पॅक-मॅन' हा गाळ्यात उभ्यानं खेळायचा खेळ. शेजारी कुणीतरी आपल्या पाळीची वाट बघत उभं असणारच.

मेस्ताकडून १८ मिलिमीटरच्या मरीन प्लायचं खोकं करून घेतलं. साधा प्लाय आपल्या पावसाळ्यात फुगतो. आत पत्त्यांच्या कॅटाएवढा 'रास्पबेरी पाय' संगणक. जुना मॉनिटर उभा बसवला, कारण मूळ खेळाचा पडदा उभाच होता. खरी मेख दांड्यात. बाजारात मिळणारे बहुतेक दांडे आठ दिशांचे. पॅक-मॅनच्या चक्रव्यूहात तिरकी वाटच नाही, त्यामुळे वळणावर हात जरा तिरपा गेला की गडी अडतो आणि भूत गाठतं. म्हणून चार दिशांचा दांडा मागवला. त्याखाली चार स्विच, प्रत्येकाचा 'टक्' आवाज स्पष्ट.

चवथीला दुबईहून दादा आला. घराच्या वाटणीवरून गेली काही वर्षं आमचं बोलणं कामापुरतंच. माटोळी बांधून झाल्यावर त्यानं दांडा हलवून पाहिला. "चार दिशांचा घातलास ना? बरं केलंस."

दोघांनी खेळायचं तर पॅक-मॅन पाळीपाळीनंच खेळावा लागतो. एकाचा गडी मेला की दुसऱ्यानं पुढं व्हायचं. रात्री एकपर्यंत आम्ही "तुझी पाळी" एवढंच बोलत होतो.

वाटणी अजून व्हायचीच आहे. पण आता फोन तो आपणहून करतो.