कधीपासून, कधीपर्यंत

घरातला प्रिंटर माझा मानला जातो, कारण साहित्य शिकणारी मुलगी कागद फार खाते. रविवारी संध्याकाळी मात्र त्यावर पप्पांचा हक्क. गोत्रीतल्या एका इमारतीच्या बांधकामावर ते इंजिनिअर आहेत. सोमवारी सकाळी मुकादमाच्या हातात पुढच्या तीन आठवड्यांचा कागद पडायलाच हवा.

अख्खं वेळापत्रक मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये असतं. सरळ प्रिंट दिलं तर पानंच पानं निघतात. ती चिकटवून भिंतीवर लावली तरी वाचणार कोण? म्हणून फाइल, प्रिंट, आणि सेटिंग्जमध्ये ‘प्रिंट स्पेसिफिक डेट्स’. खाली दोन चौकटी : कधीपासून, कधीपर्यंत. गंमत अशी, की या तारखा फक्त उजवीकडच्या पट्ट्यांना लागू होतात. डावीकडची कामांची यादी पूर्णच छापली जाते. पाया कधीचाच भरून झाला, तरी त्याची ओळ येते आणि तिच्यापुढे सगळं कोरं. ते नको असेल तर आधी ‘डेट रेंज’ हा फिल्टर लावून त्याच तारखा द्यायच्या, मग प्रिंट.

कागद असा सुटसुटीत निघाला की पप्पा खूश. माझा आक्षेप तिथूनच सुरू होतो.

गेल्या जूनमधल्या कागदावर पहिल्याच सोमवारी ‘टेकू काढणे’ अशी पट्टी होती. स्लॅब भरल्याची ओळ आधीच्या आठवड्यातली, म्हणून फिल्टरने गाळलेली. आय.एस. 456 प्रमाणे साधं सिमेंट असेल तर साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखाली टेकू किमान 7 दिवस ठेवायचे, त्याहून मोठ्या गाळ्याला 14. हे दिवस मोजायचे कुठून? कागदावर सुरुवातच नाही! कथा मध्येच सुरू झाली की आम्ही वर्गात कौतुक करतो, पण स्लॅबखाली दाहोदकडची माणसं उभी असतात.

“पप्पा, मागचे पंधरा दिवसपण घ्या ना.”

“झालेलं काम कोण वाचतं गं?”

“मुकादम वाचेल. स्लॅब खरा कधी भरला ते त्याला तुमच्या कॉम्प्युटरपेक्षा जास्त ठाऊक असतं.”

पप्पा थोडा वेळ गप्प बसले. मग ‘कधीपासून’ची तारीख दोन आठवडे मागे नेली, फिल्टरमध्येही आणि प्रिंटमध्येही. आता ए-फोरवर अक्षरं मुंगीएवढी झाली. पट्ट्या आठवड्यांच्या मापात आवळल्या तर वार दिसेनात. शेवटी पीडीएफ काढून गोत्री रोडवरच्या झेरॉक्सवाल्याकडे ए-थ्री छापून घेतलं.

दुपारी मुकादमाने त्या कागदाचा फोटो पाठवला. स्लॅबच्या पट्टीवर पेनने काट मारून पुढे गुजरातीत लिहिलं होतं : पावसामुळे शुक्रवारी भरला, बुधवारी नाही.