पडू दे, बिघडू दे

भोसरीच्या आमच्या प्रेस शॉपमध्ये आयटीआय करून आलेली पोरं शिकाऊ म्हणून माझ्या हाताखाली येतात. वय 17-18. ड्रॉइंग त्यांना वाचता येतं, डाय सेटिंग हळूहळू डोक्यात शिरतं. त्याची मला चिंता नाही. माझं घोडं वर्षानुवर्षं एकाच जागी अडलंय. पाय पेडलवर पडलेला असतो, तेवढ्यात डोळ्याला दिसतं की पत्र्याचा ब्लँक तिरका बसलाय, आणि हात तो सरळ करायला आत जातो.

बेफिकीर पोराचा जातो, तसा भित्र्याचाही जातो. नंतर विचारलं तर "काका, मी हात घातलाच नाही" असं शपथेवर सांगतं, आणि ते खोटं बोलत नसतं. हातानं त्याला विचारलेलंच नसतं. जुन्या पिन क्लचच्या प्रेसवर पेडल दाबलं की रॅम खाली जाऊन वर येणारच, मधे थांबवायची सोय नाही. पिन झिजली किंवा ब्रेक ढिला पडला, तर पेडल न दाबताही दुसरा स्ट्रोक येतो. हे मी पहिल्या दिवशीच सांगतो, पोरं वहीत उतरवून घेतात. पुढं काय होतं ते वर सांगितलंच.

यावर मी एक खेळ काढला. टेबलाशी बोलता बोलता काठावरून ब्लँक सोडायचा. पोरानं तो झेलायचा नाही, दोन्ही हात छातीशी घ्यायचे. ऐकायला सोपं वाटतं, करून बघा. गल्लीत क्रिकेट खेळून वाढलेली ही पोरं, त्यातून स्लिपला उभा राहणारा असेल तर माझी परीक्षाच. थोड्या दिवसांत टेबलाशी सगळे पास होतात आणि मी पुन्हा होतो तिथंच. टेबलाशी पोरगं सावध असतं; रात्रपाळीत अडीच वाजता कोण सावध असतो? म्हणून मग मी चहाच्या वेळी चमचा पाडतो, हजेरीच्या वेळी स्पॅनर. म्हातारा सरकला म्हणतात. म्हणू देत.

खरी गोम घरच्या शिकवणीत आहे असं मला वाटायला लागलंय. बीड-परभणीकडची पोरं, आईबाप ऊसतोडीला जाणारे. खाली सांडलेला दाणा वेचून घ्यायचा हे त्यांच्या अंगात मुरलेलं. त्यांना मी सांगतो, जॉब बिघडतोय तर बिघडू दे. ऐकून घेतात, पटत नाही. आणि संध्याकाळी सुपरवायझर ज्याला त्याला रिजेक्शनचा आकडा विचारतो, मग तर माझी दिवसभराची बडबड पाण्यात.

दरवर्षी 4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो. राष्ट्रीय सुरक्षा परिषद 1966 साली त्या दिवशी स्थापन झाली. बिल्ले लावतात, शपथ घेतात, घोषवाक्यांची स्पर्धा होते. आमच्या एका पोरानं स्पर्धेत बक्षीस मिळवलं आणि त्याच आठवड्यात त्यानं दोन्ही हात बाहेर राहावेत म्हणून असलेल्या दोन बटणांपैकी एक वॉशर घालून, वर टेप लावून कायमचं दाबून ठेवलेलं मी पकडलं. एक हात मोकळा, काम दुप्पट. दोन्ही बटणं बरोबरच दाबावी लागतात आणि दर स्ट्रोकला सोडावी लागतात, अशा पॅनेलवर ही चलाखी चालत नाही. जुन्या पॅनेलवर चालते. तेव्हा पोस्टरपेक्षा पॅनेलवर खर्च करा, हे माझं मत मी कुणी विचारलं नाही तरी सांगतो.

काही जुने उस्ताद म्हणतात, हात आत गेला की मशीन थांबवणाऱ्या लाइट कर्टनमागं शिकलेल्या पोरांची भीती मरते. आम्ही चपराक खाऊन शिकलो. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, त्यांच्या हातांकडे बघतो. भीतीनं हात थांबत असता तर त्यांची बोटं पुरी असती. आणि कायदा? 1948च्या कारखाने कायद्याच्या कलम 23 मध्ये होतं की 18 वर्षांखालच्याला धोक्याच्या यंत्रावर लावायचं तर त्याला धोके पुरते समजावून, पुरेसं शिकवून किंवा जाणकाराच्या नजरेखालीच. 'पुरेसं' म्हणजे किती, ते कागदावर सही घेणाऱ्यानं ठरवायचं. हाताऐवजी आत घालायचा चिमटा आम्ही ॲल्युमिनियमचा वापरतो. आत राहिला तर चिमटा चपटा होतो, डायला धक्का लागत नाही. डायची काळजी या धंद्यात नीट घेतली जाते.

माझी दहाही बोटं शाबूत आहेत. नवी बॅच आली की बोलताना मी हात जरा जास्तच हलवतो, हे बायकोनंही ओळखलंय. चिमट्यानं मी असा काही भराभर माल काढायचो की येणारे-जाणारे थबकायचे, आणि कुणी बघतंय म्हटल्यावर मी आणखी वेग धरायचो. पोरं तो वेग उचलायची, चिमटा विसरायची. यंदा शुगरनं बोटांची टोकं बधिर झाली. चिमटा घट्ट धरलाय की नाही हे डोळ्यांनी बघावं लागतं, त्यामुळं काम संथ झालं. जॉब निसटला तर मी पडू देतो, कारण झेलायला हात पोचतच नाही. या बॅचची पोरं माझं बघून तशीच संथ काम करतात. निसटलेल्या जॉबमागं त्यांचा हात आधीच्यांपेक्षा कमी जातो. जे मला इतकी वर्षं बोलून जमलं नाही ते या दुखण्यानं केलं. याचा आनंद व्हायला हवा. होतोही. पण आता माझ्या मशीनपाशी कुणी थबकत नाही, ते टोचतं.

शॉपवाल्यांना एकच विनंती. शिकाऊ पोराच्या पहिल्या तीन महिन्यांत तिरका बसून गेलेला जॉब त्याच्या नावावर टाकू नका. आमच्याकडे मी भांडून तो माझ्या नावापुढं लिहायला लावलाय. गेल्या महिन्यात शॉपमध्ये सगळ्यात जास्त रिजेक्शन माझं होतं.